शुगरची गोळी आणि स्तनातली गाठ

मेटफॉर्मिन म्हणजे काय, हे माधवनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाव ठाऊक नसेल, पण ‘शुगरची गोळी’ घराघरांत आहे. पेठेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये संपलेली पट्टी पुढं केली की दुकानदार नवी काढून देतो. एका गोळीला दोन-तीन रुपये पडतात, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. जेवल्यावर घ्यायची, सुरुवातीला पोट बिघडतं, मग सवय होते, एवढं ज्ञान तर शेजारणीकडूनच मिळतं. अलीकडं मात्र या गोळीबद्दल एक वेगळा प्रश्न कानावर येतो : ‘ही कॅन्सरवर बी चालती म्हणं, खरं का?’ विचारणारीच्या घरात बहुधा कुणाच्या तरी स्तनात गाठ निघालेली असते आणि मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो.

प्रश्नाला हसण्याचं कारण नाही. जगातल्या नामांकित संशोधकांनी हाच प्रश्न पंधरा-वीस वर्षं लावून धरला, त्यासाठी साडेतीन हजारांहून जास्त बायकांवर चाचणी केली आणि २०२२ साली तिचा निकाल छापून आला. निकाल ‘नाही’ असा आहे. पण एवढ्यावर विषय संपत नाही. कॅन्सरचं औषध म्हणून ही गोळी नापास झाली, तरी कॅन्सर झालेल्या मधुमेही बाईच्या उपचारात तिला काम आहे, आणि त्याच कामाकडं आपल्याकडं सर्वांत कमी लक्ष जातं.

एकाच बाईच्या दोन फायली

मधुमेह आणि स्तनाचा कर्करोग हे दोन्ही आजार आता मोठ्या शहरांपुरते उरलेले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. स्तनाच्या कर्करोगाचे २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडं हा कर्करोग साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे पन्नाशीच्या आसपास, नेमकी शुगर सुरू होते त्याच वयात.

सरकारी तपासणीत या दोन्ही आजारांची दखल एकत्रच घेतली जाते. तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आशाताई घरोघरी जो तक्ता भरून घेतात, त्यातून मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका जोखला जातो आणि त्याच तक्त्यात ‘स्तनात गाठ जाणवते का’ हा प्रश्नही असतो. आजार निघाला की मात्र वाटा फुटतात. शुगर माधवनगरातल्या किंवा बुधगावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं. गाठीसाठी मिरज. माधवनगर, सांगली, विश्रामबाग, मिरज असा रेल्वेचा क्रम इथल्या माणसाला पाठ असतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केल्यापासून दुखणं मोठं झालं की मिरज गाठायची, ही या भागाची रीतच आहे. आज तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. त्यामुळं अशा बाईच्या घरी दोन फायली तयार होतात आणि पुष्कळदा त्यांची एकमेकींशी गाठ पडत नाही.

शरीराच्या आत मात्र हे दोन आजार एकमेकांना ओळखून असतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये मधुमेह असेल तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळतो. संशय जातो तो साखरेपेक्षा इन्सुलिनवर. टाइप-२ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक ओतत राहतं. इन्सुलिन साखर पेशींत शिरवतं, पण त्याबरोबर पेशींना ‘वाढा’ असाही निरोप देतं. स्तनातल्या गाठीच्या पेशींवर हा निरोप ऐकणारी ग्राहकं भरपूर असतात.

‘आमच्या घरात कुणी लठ्ठ नाही’ हे उत्तर इथं कामाचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार हा आपला बांधा त्या फोटोमुळं जगाला कळला. अशा बांध्यात वजनकाटा ठीक दिसत असतानाही इन्सुलिन चढलेलं असू शकतं.

टोरांटोच्या डॉ. पॅमेला गुडविन यांनी २००२ साली, मधुमेह नसलेल्या पण स्तनाचा कर्करोग झालेल्या ५१२ बायकांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजून प्रसिद्ध केलं. सर्वांत कमी इन्सुलिन असलेल्या चौथाई बायकांच्या तुलनेत सर्वांत जास्त इन्सुलिन असलेल्या चौथाईत आजार दूरवर पसरण्याचा धोका दुप्पट आणि मृत्यूचा धोका तिप्पट निघाला. इथून पुढचा विचार सरळ होता. इन्सुलिन उतरवणारं, स्वस्त, वर्षानुवर्षं वापरलेलं औषध हाताशी आहे. मग ते द्यायला काय हरकत?

औषधाची जुनी हकिगत

मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या एका रानझुडपात आहे. निळसर-जांभळ्या तुऱ्यांचं हे झुडूप जास्त खाल्लं तर गुरं दगावत. त्यात साखर उतरवणारं एक द्रव्य होतं, पण जसंच्या तसं माणसाला देण्याइतकं ते सुरक्षित नव्हतं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ साली डब्लिनमध्ये एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत बनवलं. त्याच सुमारास इन्सुलिन हाती आलं होतं, त्यामुळं या पदार्थाकडं कुणी फिरकलं नाही. पुढं फिलिपिन्समध्ये युसेबियो गार्सिया या डॉक्टरांनी ते फ्लूवर वापरून पाहिलं आणि रुग्णांची साखर उतरते हे त्यांच्या ध्यानात आलं. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर दिलं. अमेरिकेनं त्याला १९९४ साली परवानगी दिली आणि १९९८ साली ब्रिटनमधल्या एका प्रदीर्घ अभ्यासानं दाखवलं, की वजनदार मधुमेहींमध्ये हे औषध हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोकाही कमी करतं. तेव्हापासून मधुमेहाची पहिली गोळी हा मान त्याच्याकडं आहे.

यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं. मेटफॉर्मिन प्रामुख्यानं त्याला आवर घालतं. साखर उतरली की स्वादुपिंडावरचा ताण कमी होतो आणि इन्सुलिनही उतरतं. पेशीच्या आत डोकावलं तर मेटफॉर्मिन ऊर्जानिर्मितीला किंचित खीळ घालतं. पेशीला टंचाई जाणवते आणि तिच्यातली एक काटकसरीची यंत्रणा जागी होते. ही यंत्रणा वाढीची खर्चिक कामं थांबवते. तिला जागं करणारं एक प्रथिन म्हणजे कर्करोगाला अटकाव करणाऱ्या एका जनुकाचं उत्पादन, हे २००३ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधनातून पुढं आलं. मधुमेहाच्या गोळीचा धागा असा थेट कर्करोगाच्या जीवशास्त्राला जाऊन भिडला.

त्याच डंडीच्या परिसरात मधुमेहींच्या नोंदी चोख ठेवलेल्या होत्या. १९९३ ते २००१ या काळात मधुमेहाचं निदान झालेल्या ११,८७६ जणांपैकी ९२३ जणांना पुढं कर्करोग झाला होता. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे एक-पंचमांशानं कमी दिसलं. २००५ साली हा छोटासा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २००९ साली ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रानं २,५२९ बायकांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेआधी दिलेल्या केमोनं गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांत १६ टक्के, मेटफॉर्मिन न घेणाऱ्या मधुमेहींत ८ टक्के आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत २४ टक्के. हे आकडे जगभर फिरले. आजही जे व्हिडिओ येतात, त्यांची मजल बहुतेक वेळा इथपर्यंतच असते.

आकड्यांनी कसं चकवलं

या आकड्यांत दोन गोमी आहेत. ह्यूस्टनच्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायका होत्या फक्त ६८. इतक्या कमी संख्येत दोन-चार बायकांचं इकडचं तिकडं झालं तरी टक्केवारी उड्या मारते.

दुसरी गोम जास्त खोल आहे. आपल्याकडं वयाच्या ऐंशीच्या पुढं सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. आता कुणी गावातल्या लोकांची नोंद काढली आणि जाहीर केलं, की सहस्रचंद्रदर्शन झालेली माणसं न झालेल्यांपेक्षा सरासरीनं कितीतरी जास्त जगली, तर ते शंभर टक्के खरं असेल. पण त्यावरून सोहळ्यानं आयुष्य वाढतं असं कुणी म्हणणार नाही. सोहळ्यापर्यंत पोचायलाच ऐंशी वर्षं जगावं लागतं. मेटफॉर्मिनच्या अनेक अभ्यासांत हेच घडलं. ‘दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे’ या गटात बसायला माणूस तेवढी वर्षं जिवंत आणि बऱ्यापैकी धडधाकट असायलाच हवा. ज्यांना मध्येच कर्करोग झाला किंवा जे आधीच गेले, ते आपोआप दुसऱ्या गटात जमा झाले आणि श्रेय गोळीला मिळालं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले सामी सुइसा आणि लॉरां अझुले यांनी २०१२ साली असे २६ अभ्यास तपासून बहुतेकांत काळाच्या हिशोबाची ही किंवा या जातीची चूक दाखवून दिली. त्यात आणखी एक भर : मेटफॉर्मिन मधुमेहाच्या सुरुवातीला देतात आणि मूत्रपिंड बिघडलेल्यांना टाळतात. म्हणजे ते घेणारा गट मुळातच तब्येतीनं बरा असतो.

प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे निकालही असेच मोहात पाडणारे होते. पण काचेच्या बशीत पेशी मारायला मेटफॉर्मिनचं जे प्रमाण वापरलं जाई, ते गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातल्या प्रमाणाच्या शेकडो पट असे. शिवाय यकृताच्या पेशींना हे औषध आत ओढून घेणारी दारं असतात. गाठीच्या पेशींना ती तेवढी असतीलच असं नाही.

सांगलीकरांना यातलं बरंचसं हळदीवरून उमजेल. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद जगभर जाते, आणि तिच्यातलं कुरक्युमिन प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारतं, हे इथं अभिमानानं सांगितलं जातं. मारतं हे खरं. पण खाल्लेलं कुरक्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं, आणि स्तनाचा कर्करोग त्यानं बरा होतो असा पुरावा नाही. आमटीतली हळद चालू ठेवावी. केमो चालू असताना कुरक्युमिनच्या जोरदार कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत, कारण काही केमो-औषधांच्या कामात ते अडथळा आणू शकतं असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

चिठ्ठी टाकून घेतलेली परीक्षा

सगळ्या शंका एकाच मार्गानं फिटतात. बायकांचे दोन गट चिठ्ठी टाकून करायचे, एकीला खरी गोळी, दुसरीला तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कोणती हे डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही. डॉ. गुडविन यांच्या नेतृत्वाखाली कॅनडानं ही चाचणी उभी केली. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधून २०१० ते २०१३ या काळात ३,६४९ रुग्ण सहभागी झाले. मधुमेह कुणालाच नव्हता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे नेहमीचे उपचार होतेच. त्यांच्या जोडीला ८५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच वर्षं.

संप्रेरकांना दाद न देणाऱ्या गाठींच्या गटात फायदा दिसण्याची चिन्हं नसल्यानं तिथलं औषध २०१६ सालीच थांबवण्यात आलं. संप्रेरकांना दाद देणाऱ्या गाठींच्या २,५३३ रुग्णांवर आठेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. आजार उलटणं, नवा कर्करोग होणं किंवा मृत्यू या घटनांचा दर १०० रुग्णांमागे वर्षाला मेटफॉर्मिनच्या गटात २.७८ आणि खोट्या गोळीच्या गटात २.७४ निघाला. म्हणजे फरक शून्य. मे २०२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा निकाल प्रसिद्ध झाला. त्यातली चटका लावणारी गोष्ट अशी, की गोळीनं आपलं ठरलेलं काम केलं होतं. वजन घटलं, साखर उतरली, इन्सुलिन उतरलं. फक्त कर्करोगाला त्याचं काही वाटलं नाही.

एक फट उघडी राहिली आहे. हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या गाठींच्या सुमारे ६२० रुग्णांत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा निकाल बरा दिसला. पण मोठ्या चाचणीत हरल्यावर छोटे छोटे तुकडे पाडून पाहिलं की एखादा तुकडा योगायोगानंही चमकतो. त्यावरून नवी चाचणी आखता येते, चिठ्ठीवर औषध लिहिता येत नाही.

मग जुनं औषध नव्या कामाला लावण्याची कल्पनाच फोल का? मुळीच नाही. आज स्तनाच्या कर्करोगात सर्वाधिक नावाजलेली गोळी, टॅमॉक्सिफेन, इंग्लंडमध्ये १९६२ साली डोरा रिचर्डसन यांनी बनवली ती गर्भनिरोधक शोधताना. त्या कामात ती साफ फसली. बायकांमध्ये तिनं उलट बीज सुटायला मदत केली. मँचेस्टरच्या मेरी कोल यांनी तिचा स्तनाच्या कर्करोगावरचा गुण १९७१ साली प्रसिद्ध केला. संप्रेरकांना दाद देणाऱ्या गाठीत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पंधरा वर्षांच्या काळात त्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी होतात.

दुसरं उदाहरण तर आपल्या मुंबईचं आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत १,६०० बायकांवर चाचणी केली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, तेच, दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात ते. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झालं. खर्च शंभर रुपयांच्या आत. २०२३ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. स्वस्त औषध म्हणून कुणी त्याला नाकारलं नाही आणि स्वस्त आहे म्हणून डोळे झाकून स्वीकारलंही नाही. मेटफॉर्मिनला लावला तोच नियम इथंही लागला. एक नापास झालं, दुसरं पास.

भीतीही याच वाटेनं येते

मधुमेहाच्या औषधांनी कर्करोग बरा होतो ही आशा जशी अर्धवट आकड्यांतून पसरली, तशीच त्यांनी कर्करोग होतो ही भीतीही. २००९ साली काही नोंदींवरून ग्लार्जिन या इन्सुलिनवर संशय आला. २०१२ साली १२,५३७ जणांवरच्या सुमारे सहा वर्षांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांत कर्करोग वाढलेला आढळला नाही. जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारत सरकारनं पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात इशारा छापण्याच्या अटीवर पुन्हा परवानगी दिली. तेव्हा गाठ निघाली म्हणून शुगरचं इन्सुलिन किंवा गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं, आणि गाठीवर चालेल म्हणून शुगर नसताना मेटफॉर्मिन सुरू करणं, दोन्ही सारखंच घातक.

गोळीचं खरं काम

आता मूळ मुद्द्याकडं. समजा, माधवनगरच्या एखाद्या मावशींना आठ वर्षं शुगर आहे, गोळीवर ती ठीकठाक राहते, आणि आता मिरजेत केमो सुरू झाली. पॅक्लिटॅक्सेल या केमो-औषधाच्या सलाइनआधी अंगावर पित्त उठू नये, श्वास अडू नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जातं. उलटी रोखायलाही बऱ्याचदा तेच देतात. स्टेरॉइडनं साखर चढते, पण तिची चढण्याची वेळ फसवी असते. सकाळी उपाशीपोटी मशीनवर १३० दिसतात, मावशी निर्धास्त होतात. दुपारच्या जेवणानंतर तीच साखर ३०० च्या पुढं गेलेली असते आणि रात्रीपर्यंत तिथंच रेंगाळते. घसा कोरडा, रात्री चार वेळा उठणं, गळून गेल्यासारखं वाटणं, हे सगळं ‘केमोचं आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली तरच हे पकडता येतं.

चढलेल्या साखरेची किंमत तिथल्या तिथं मोजावी लागते. केमोनं पांढऱ्या पेशी आधीच घटलेल्या असतात, त्यात साखर जास्त असेल तर संसर्ग बळावतो. शस्त्रक्रियेची जखम चिघळते. केमोची तारीख पुढं ढकलली जाते. उपचार वेळापत्रकाप्रमाणं पूर्ण होणं हाच तर औषधाचा अर्धा गुण. मधुमेही बायकांमध्ये या कर्करोगाचे निकाल इतरांपेक्षा वाईट दिसतात, त्यामागं हेही एक कारण मानलं जातं.

पायांच्या मुंग्यांचंही असंच. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांच्या नसा बधिरतात, मधुमेहानंही बधिरतात. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानं शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व घटतं, शाकाहारी बाईत अधिकच, आणि त्यानंही मुंग्या येतात. चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, अशी वेळ आली की तिन्ही कारणं तपासायला हवीत. यातलं बी-१२ तर साध्या रक्त-तपासणीनं कळतं आणि इंजेक्शननं किंवा गोळीनं भरून येतं.

‘तीन महिन्यांची शुगर’ ही तपासणीही केमोच्या काळात जपून वाचावी लागते. रक्त कमी झालं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तिचा आकडा फसवा येतो. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पोटात अन्न ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, कारण अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण आला तर ती गोळी अंगावर येऊ शकते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचणार असतील तर आपण मेटफॉर्मिन घेतो हे आधी सांगायचं. पेट स्कॅनला जाताना तर ते सांगायलाच हवं. त्यात किरणोत्सारी साखर टोचून ती कुठं साठते ते पाहतात. रक्तात साखर जास्त असेल तर तपासणी पुढं ढकलतात, आणि मेटफॉर्मिननं आतडी विनाकारण चमकतात म्हणून काही केंद्रं ती दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.

मेटफॉर्मिनला कर्करोगाच्या उपचारात सर्वांत सन्मानाची जागा मिळाली ती एका नव्या औषधामुळं. संप्रेरकांना दाद देणाऱ्या, शरीरात पसरलेल्या काही कर्करोगांत एका विशिष्ट जनुकात बिघाड असतो. त्यावर अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं. आजार आटोक्यात राहण्याचा काळ त्यानं ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर नेला. पण ते जो मार्ग अडवतं, इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचण्याचा मार्गही तोच. परिणाम असा, की चाचणीतल्या दर तिघींपैकी जवळपास दोघींची साखर चढली आणि एक-तृतीयांशाहून जास्त जणींची धोकादायक पातळीपर्यंत. साखर चढली की स्वादुपिंड इन्सुलिन ओततं, आणि ते इन्सुलिन औषधानं दाबलेल्या गाठीला पुन्हा उभारी देऊ शकतं, असं २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. स्पेनमधल्या एका अभ्यासात ६८ बायकांना अल्पेलिसिबच्या आधीपासूनच मेटफॉर्मिन सुरू केलं. पहिल्या आठ आठवड्यांत साखर गंभीर पातळीपर्यंत चढली ती फक्त चौघींची. इथं मेटफॉर्मिन कर्करोगाला हात लावत नाही, पण त्याच्यामुळं कर्करोगाचं औषध टिकतं.

फाईल एक करा

इतक्या तपशिलानंतर सांगायचं ते थोडकं. शुगरची गोळी कॅन्सरचं औषध आहे का, याचं उत्तर साडेतीन हजार बायकांनी पाच वर्षं गोळ्या घेऊन दिलेलं आहे, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओनं ते बदलत नाही. गाठ संप्रेरकांना दाद देणारी असेल आणि स्वस्त गोळीच हवी असेल, तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी आहे. ती पाच, कधी दहा वर्षं रोज घ्यायची असते, आणि बरं वाटू लागलं की ती मध्येच सोडणाऱ्या बायका थोड्या नाहीत. मेटफॉर्मिनवर आशा लावताना टॅमॉक्सिफेनची पट्टी कपाटात पडून राहणं हा खरा तोटा.

आणि शुगर असलेल्या बाईला गाठ निघाली, तर मिरजेच्या पहिल्या फेरीतच शुगरची फाईल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि साखरेच्या नोंदींची वही सोबत न्यावी. केमो कोणत्या तारखेला आहे, त्यात स्टेरॉइड आहे का, हे परत येऊन गावातल्या डॉक्टरांना दाखवावं. ‘केमोच्या दिवसांत शुगरचं औषध कोण बदलणार, तुम्ही की ते?’ हा प्रश्न दोघांनाही स्पष्ट विचारावा. संकोच करू नये. डॉक्टरांना तो आवडो न आवडो, उत्तर त्यांनी द्यायलाच हवं.